दुसऱ्या अंकातलं दार

'हॅना ऑफ द हार्बर' हे संगीत नाटक मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, आणि तरी आमच्या वॉलरू या बंदरगावात त्यातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही असं मी खुशाल सांगत फिरायचे. नाटक लंडनला काही महिनेच चाललं आणि पडलं. मग बऱ्याच वर्षांनी कुणाला तरी त्याची आठवण आली आणि एका मोठ्या सभागृहात त्याच्या गाण्यांची नुसती मैफल झाली. पडदे नाहीत, संवाद नाहीत, माइकसमोर उभे गायक आणि मागे वाद्यवृंद. त्या मैफलीच्या दोन कॅसेट निघाल्या. सतरा वर्षांची असताना मी त्या अ‍ॅडलेडला घेतल्या आणि तिथून पुढं मला दुसरं काही सुचलं नाही.

गाणी पाठ असणं ही काही मोठी गोष्ट नाही हो. मला त्या रात्रीचे लोकसुद्धा पाठ होते. 'दोर सोडा' या शेवटच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक बाई खोकते, ते मला माहीत. ते गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आधी एक श्वासभर सगळे गप्प बसतात, तेही माहीत. त्या गाण्यात हॅना बोटीवर चढते, आईला म्हणते, माझी वाट बघू नकोस, दोर सोडा. संपलं. ती जाते. कॅसेट तिथं संपायची आणि मी पुन्हा पिठात हात घालायची.

कारण मी ट्रेझाइझांच्या बेकरीत लग्न करून आले होते. आमच्या पेस्ट्या सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेल्या. मांस-बटाट्याचं सारण भरायचं आणि कडेला हातानं मुरड घालायची, आणि ती मुरड घरच्या बाईनंच घालायची असा नेम. बाहेरच्या माणसाला सारण चिरू देतात, भट्टी लावू देतात, मुरड नाही. आधी सासूबाईंनी घातली, मग मी. रोज पहाटे. माझा उजवा खांदा आता वर जात नाही, केस विंचरायचे तर मान खाली घालावी लागते.

"बाहेरची बाई ठेव की एखादी," मी नवऱ्याला म्हणायचे.

"मुरड बिघडली की गिऱ्हाईक बिघडलं," लायल म्हणायचा. "आणि तुला काय कमी आहे? ती तुझी बाई आहे ना बंदरावर रडायला, ऐक तिला."

लायल वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी केव्हाच सुटले असते. त्याला खरंच वाटतं की बेकरी म्हणजेच जग, आणि त्यातून कुणाला बाहेर पडावंसं वाटणं हे पोट बिघडल्याचं लक्षण आहे.

पण गेल्या वर्षी तो एका गोष्टीला कबूल झाला. आमचा मुलगा जॅरड आणि सून टॅम्सिन यांच्या हातात बेकरी द्यायची, आणि टॅम्सिनचा हात बसला की मी मोकळी. माझी बहीण मार्लीन अ‍ॅडलेडजवळ ग्लेनेल्गला समुद्रासमोर एकटी राहते, तिची एक खोली रिकामी पडलीय. तिथून ट्राममध्ये बसलं की थेट शहरात, थिएटरांच्या दारात. त्या खोलीचे पडदेसुद्धा मी मनातल्या मनात निवडून ठेवले होते.

आणि टॅम्सिनचा हात काय सुरेख होता म्हणून सांगू. मुरड घालता घालता ती माझ्याबरोबर गायची. सगळी हॅना मीच तिला शिकवली, कॅसेटवरून, खोकल्यासकट. खोकला आला की आम्ही दोघी एकदम खोकायचो आणि हसत सुटायचो.

म्हणून आमच्या नाट्यमंडळाच्या ग्वेंडा पोल्किंगहॉर्नबाईंनी "यंदा हॅना करायचं, हक्क मिळालेत" असं जाहीर केलं, तेव्हा हॅना कोण याबद्दल वादच नव्हता. ग्वेंडा शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, पियानोवर बसली की आमदारालाही गप्प बसवेल. तिनं टॅम्सिनला हॅना दिली आणि मला हॅनाची आई.

"आईला एकच तर गाणं आहे," मी कुरकुरले.

"गाणं एक आहे, पण बोलणं भरपूर आहे," ग्वेंडा म्हणाली. "वाच तर आधी."

भाड्यानं आणलेल्या संहितांचं खोकं आलं. पेन्सिलनंच लिहायचं, परत करताना सगळं खोडरबरानं पुसायचं, अशी ताकीद ग्वेंडानं नेहमीप्रमाणं दिली. मी माझी प्रत उघडली आणि आधी शेवट काढला. तिथं लग्न होतं. हॅनाचं, दीपगृहवाल्याशी, वॉलरूपेक्षाही बारक्या अशा त्याच बंदरात.

मला वाटलं चुकीचं नाटक आलंय. मागं मागं पानं उलटत गेले तर 'दोर सोडा' सापडलं मध्यंतराच्या आधी. ती जाते, मध्यंतर होतं, लोक चहा पितात, आणि दुसऱ्या अंकात ती परत येते. दार वाजवते. आई दार उघडते आणि म्हणते, "ये गं, तुझी जागा तशीच आहे."

"ग्वेंडा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? नाटक आहे."

"अगं, ती जाते. शेवटी जाते. मी उभा जन्म ऐकतेय."

"तू मैफल ऐकतेयस व्हर्ना. मैफलीला शेवट दणदणीत लागतो, म्हणून त्यांनी ते गाणं उचलून शेवटी नेलं. कॅसेटच्या वेष्टनावर लिहिलंही होतं बारीक अक्षरात. आम्हाला वाटलं तुला ठाऊक आहे, तू तर तज्ज्ञ."

तज्ज्ञ म्हणे, डोंबल. मी घरी गेले आणि रडले. लायलनं विचारलं काय झालं. म्हटलं, हॅना परत येते. तो म्हणाला, "मग बरंच झालं की." आणि टीव्हीवरचा फुटबॉल बघू लागला.

तालमी सुरू झाल्या. एके पहाटे आम्ही दोघी मुरड घालत होतो, टॅम्सिन गात नव्हती. मान खाली घालून ती म्हणाली, "व्हर्ना, एक सांगायचंय. मला अ‍ॅडलेडला सुइणीच्या शिक्षणासाठी जागा मिळालीय."

माझा हात थांबला नाही. थांबायला हवा होता.

"अर्ज केव्हा केलास?"

"केला होता असाच. मिळेल असं वाटलंच नव्हतं. सोमवारी कळवायचंय, म्हणजे आपला शेवटचा प्रयोग झाल्यावरच्या सोमवारी. आणि रविवारी जेवताना लायल किल्ली देणार आहे आम्हाला."

"जॅरडला माहितीय?"

"तो म्हणतो जा, मी शनिवार-रविवार येईन. वडिलांना सांगायची मात्र त्याच्यात हिंमत नाही." तिनं पीठ लागलेल्या हातानं नाक पुसलं. "पण तुझा खांदा. आणि ती मार्लीनकडची खोली. तू म्हणशील तसं करीन मी. तू राहा म्हणालीस तर राहीन, खरंच, मनाला लावून घेणार नाही."

तू म्हणशील तसं. बाई गं, याच्यापेक्षा शिवी दिली असती तरी चाललं असतं. जा म्हणावं तर माझी खोली गेली, ट्राम गेली, उरलेला खांदाही गेला. राहा म्हणावं तर माझ्या सासूनं माझं जे केलं तेच मी हिचं करणार, आणि तेही तिच्या तोंडून परवानगी घेऊन. इकडं आड तिकडं विहीर. मी म्हटलं, "बघू. आधी नाटक होऊ दे."

बघू म्हणजे राहा. हे तिलाही कळलं. तिनं मान डोलावली आणि पुढची पेस्टी घेतली.

मग प्रयोग लागले. टाउन हॉल भरलेला. पहिल्या अंकाच्या शेवटी टॅम्सिन 'दोर सोडा' गायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा, खोकल्याच्या जागी कुणी खोकायचं नाही तेवढंच चुकल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्या अंकात ते दार. लाकडी चौकटीवर लायलनंच बसवून दिलेलं, खऱ्या कडीचं. टॅम्सिन बाहेरून वाजवायची, मी कडी काढायची, "ये गं, तुझी जागा तशीच आहे" म्हणायची, आणि ती माझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं ठेवायची. लोक डोळे पुसायचे. मला स्वतःची शिसारी यायची. तीन प्रयोग मी ते दार उघडलं आणि तिन्ही वेळा मनात आलं, की हिला मी आत घेतेय ते माझ्या बदली.

"तुझं ते दार उघडणं फार छान होतं," लायल घरी म्हणाला. "सगळ्यांत चांगला प्रसंग."

शनिवारी शेवटचा प्रयोग. शेवटच्या प्रयोगाला आमच्याकडं खोड्या काढायची रीत आहे. ग्वेंडा दरवर्षी बंदी घालते आणि दरवर्षी कुणीतरी काढतंच. एकदा चहाच्या कपात खरी व्हिस्की होती, एकदा राजाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या होत्या. गावातले लोक मुद्दाम शेवटच्या प्रयोगाची तिकिटं काढतात, यंदा काय करताहेत ते बघायला. त्या दिवशी दीपगृहवाला झालेला आमचा दातांचा डॉक्टर बेव्हन नॅनकिव्हेल सारखा स्वतःचे खिसे तपासत होता, कुणी मासा तर घातला नाही ना म्हणून.

मी काही ठरवलं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. दुसरा अंक सुरू झाला, मी दाराच्या आत उभी राहिले, दिवा मंद झाला आणि टॅम्सिननं दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी, आई. हॅना."

मी कडीला हात लावला. लायल तिसऱ्या रांगेत बसला होता, त्याच्याशेजारी जॅरड. लायलनं आधीच रुमाल काढून ठेवला होता. आणि माझा हात कडीवरून खाली आला.

"परत जा," मी म्हटलं.

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. कुणी म्हणालं, "आली, आली यंदाची खोडी."

"आई?" टॅम्सिनचा आवाज कापरा झाला. ते संहितेत नव्हतं. "आई, दार उघड."

"नाही उघडणार. इथं तुझी जागा नाही. बोट अजून धक्क्याला आहे, जा."

लोक आता मोकळेपणानं हसत होते. लायलचं हसू त्यात वेगळं ओळखू येत होतं, मांडीवर थाप मारून.

"आणि तू?" टॅम्सिननं विचारलं. इतक्या हळू, की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं असेल. "तुझं काय?"

"माझं मी बघते," मी म्हटलं. "माझ्यासाठी मागं फिरलीस तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही. कळलं? जा म्हणते ना."

मग जे काही झालं त्याचं श्रेय ग्वेंडाला. ती पियानोवर क्षणभर थांबली, तिला काय कळलं कोण जाणे, आणि तिनं 'दोर सोडा'ची सुरावट सुरू केली. पाच जणांचा आमचा वाद्यवृंद धडपडत मागं आला. हसणं थांबलं. टॅम्सिन गायली. मी दाराच्या आत, मला ती दिसत नव्हती. मी आयुष्यभर ते गाणं न बघताच ऐकलंय, पण असं कधी ऐकलं नव्हतं. ते संपू नये असं वाटत होतं.

ग्वेंडानं पडदा पाडायला लावला. बिचारा बेव्हन कोटाला फूल लावून विंगेतच राहिला, त्याचं लग्न काही लागलं नाही. "हक्कवाल्यांना कळलं तर आपल्याला पुन्हा नाटक देणार नाहीत," ग्वेंडा मला म्हणाली, आणि मग माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

गाडीत लायल अजून हसत होता. "काय जागा शोधलीस खोडी काढायला. बेव्हनचं तोंड बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

रविवारी सगळे जेवायला जमले. भाजलेलं कोकरू, बटाटे, मटार. लायलनं बेकरीची किल्ली टेबलावर ठेवली आणि घसा खाकरला. तो बोलायच्या आधीच टॅम्सिन बोलली. सुइणीचं शिक्षण, अ‍ॅडलेड, उद्या होकार कळवतेय. जॅरड ताटाकडं बघत म्हणाला, "मी तिला जा म्हटलंय, बाबा."

लायलनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर भांडता आलं असतं.

"मग मुरड कोण घालणार?"

टॅम्सिननं तोंड उघडलं, मी तिला टेबलाखालून पाय मारला. दार बंद ठेवताना मी आतल्या बाजूला होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनच उघडलं नव्हतं. पण भरल्या टेबलावर, किल्ली समोर असताना, ते तोंडानं म्हणणं फार जड गेलं.

"मी," मी म्हटलं. "आणखी कोण."

"बरं झालं," लायल म्हणाला. त्याला खरोखर हायसं वाटलं होतं. त्यानं किल्ली उचलून खिशात टाकली. "मग पहाटे नेहमीसारखं."

टॅम्सिनचे डोळे भरून आले होते. मला आनंद झाला होता आणि मला किंचाळायचं होतं, दोन्ही एकाच वेळी. मी डाव्या हातानं भांडं उचललं आणि तिला आणखी बटाटे वाढले.

"जेव पोटभर," मी म्हटलं. "तिकडं कोण करून घालणार आहे तुला."