पाच सिलिंडरांचा दसरा

अलकापुरीच्या मागच्या त्या सोसायटीत अठ्ठ्याण्णव सालापर्यंत अकरा मोटारी आल्या होत्या, आणि अकराही मालकांचा डोळा एकाच जागेवर होता. तिथे पद्मावहिनींचा ट्रक उभा असे. ट्रक साधासुधा नव्हे, फौजेतून निवृत्त झालेला ‘शक्तिमान’ बनावटीचा. वहिनींचे यजमान जनार्दनराव रिफायनरीत फिटर होते. त्यांनी तो लष्कराच्या लिलावात घेतला, फौजी हिरवा रंग आरटीओला चालत नाही म्हणून खरवडून निळा केला, आणि दोन वर्षांत स्वतःच गेले. पुढची सहा वर्षं वहिनींनीच तो चालवला. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढल्या, मंडळांचे गणपती विसर्जनाला सुरसागर तलावावर नेले, आणि पदर खोचून ट्रकखाली शिरून दुरुस्तीही केली. याच बाईने पापड लाटले असते, तर सोसायटीने तिचं कोण कौतुक केलं असतं!

सोसायटीचे चेअरमन म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, मानसिंगराव. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "गणपतीपासून ट्रक जागचा हलला नाही. चालतं ते वाहन, न चालणारं ते भंगार."

वहिनी उठल्या. "दसऱ्याला सकाळी दहा वाजता मी तो गेटपर्यंत नेऊन परत आणते. नाही जमलं, तर भंगारवाल्याला मीच बोलावीन. लिहून घ्या."

सेक्रेटरी धवलभाईंनी आनंदाने लिहून घेतलं.

ट्रक अडला होता तो नोझलांपायी. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी ही सहा नोझलं सयाजीगंजच्या कारागिराने दुरुस्त करून दिली, ती नेमकी नवमीला. दुसऱ्या कुणी ती त्याच दुपारी बसवून टाकली असती. पण त्या दिवशी खंडेनवमी होती आणि वहिनींचे पाने, हातोड्या, पकडी सगळं पाटावर मांडून झालं होतं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या आरतीआधी उचलायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. मग वहिनींनी नोझलंही शेजारी मांडली. त्यांच्या तोंडावरच्या टोप्या काढल्या, कारण टोपीला कुंकू लावून काय उपयोग? आणि ओल्या बोटाने प्रत्येकाला ठसठशीत हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. भक्ती चोख झाली. केसाएवढ्या भोकांचं काय होईल, हे त्यांच्यासारख्या जाणत्या बाईच्याही डोक्यात आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आरती करून त्यांनी पहिलं नोझल उचललं आणि उजेडात धरलं. कुंकू वाळून भोकं पार बुजली होती. आठ वाजले होते.

त्यांनी घासलेटची थाळी घेतली, बारीक तार घेतली, सायकलचा पंप घेतला आणि स्वतःला शिव्या देत बसल्या. साडेनऊला मानसिंगराव आले. त्यांनी थाळीतलं लाल झालेलं घासलेट पाहिलं.

"वहिनी, जाऊ द्या. तुम्हीच विकायचं ठरवलंत असं मी सांगतो. चारचौघांत फजिती नको."

"भावजी, फजिती माझी आहे ना? मग ती मलाच करू द्या."

पाच नोझलं साफ झाली. चौथ्या क्रमांकाचं काही केल्या उघडेना. वहिनींनी सहाही बसवली, चौथ्याची डिझेलची नळी सोडवून डब्यात टाकली आणि नळ्यांतली हवा काढली. पाच सिलिंडरांवर इंजिन चालतं. लंगडतं, पण चालतं.

अंगणात अकरा मोटारी धुऊनपुसून हार घालून उभ्या होत्या. फाफडा-जलेबीचे पुडे हातात धरून मंडळी जमली होती. "चालो वहिनी, दस वागी गया!" धवलभाईंनी घड्याळ दाखवलं.

पहिल्या खेपेला इंजिन नुसतंच कण्हलं. कुणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला त्याने एक ठसका दिला. तिसऱ्या खेपेला ते असं धडाडून सुरू झालं, की झेंडूचे हार थरथरले आणि काळ्या धुराचा लोट अकराही मोटारींवर बसला. आचके देत, डुलत ट्रक गेटपर्यंत गेला. वहिनी मोठ्याने हसत होत्या. कधी नव्हे इतकं त्यांना बरं वाटत होतं. ट्रक मागे घेऊन त्यांनी जागेवर आणून उभा केला.

धुरातून खोकत मानसिंगराव ट्रकच्या दाराशी आले. त्यांचा चेहरा पडला होता. आवाज खाली आणून ते म्हणाले, "आजवर बोललो नव्हतो. जाण्याआधी दवाखान्यात दादाने माझा हात धरून सांगितलं होतं, ट्रक विकून टाक. तुम्ही त्याची आठवण म्हणून जपताय आणि त्याची शेवटची इच्छा मात्र..."

वहिनींनी इंजिन बंद केलं नाही. त्या खाली वाकल्या आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मलाही सांगितलं होतं, भावजी. तेव्हा मी त्यांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणून सांगितलं. तुम्ही कोण लागून गेलात?"