बाहेरची कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या बाहेरच्या अंगाला असते ना, ती. आतल्या बोल्टाला माणूस स्वतःच्या मर्जीने सरकवतं. माझं तसं नाही. मला लावणारा नेहमी बाहेर असतो, आणि आत कोण राहिलं ते मला सोसावं लागतं.

माझा जन्म कापूरहोळच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. ठिणग्या, घणाचे ठोके, हायवेवरच्या ट्रकांचा सततचा घरघराट. त्यामुळेच की काय, स्वस्थपणा मला ठाऊकच नाही. जरा वारा आला की मी दारावर आपटत बसते. साहेबराव नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं आणि वरवे बुद्रुकला आपल्या पत्र्याच्या खोलीला ठोकलं. आत खताची पोती असायची. पोत्यांना कोंडताना मला कधी काही वाटलं नाही.

पुढे गावातल्या बचत गटाने ती खोली मागून घेतली. गटातल्या निम्म्या बायका जवळच्या कारखान्यांत पॅकिंगला जायच्या. शाळा सुटायची संध्याकाळच्या आधी, आणि या घरी पोचायच्या दिवेलागणीला. मधल्या वेळात पोरं रस्त्यावर. म्हणून खोली सारवली, भिंतींना पिवळा रंग दिला आणि 'बालकट्टा' सुरू केला. पोरं सांभाळायला गटाने मायाला नेमलं. तिचा नवरा संजय टेम्पो चालवतो.

सुरुवातीचे ते दिवस! माया दारातच उभी राहायची. येणाऱ्या प्रत्येकाचे हातपाय धुवून घ्यायची, तोंड बघून विचारायची, "काय रं ज्ञानू, आज रडलास वाटतं?" मग भिजवलेले शेंगदाणे, गूळ, गाणी, अभ्यास. दार सताड उघडं असायचं आणि मी रिकामी लोंबकळत पोरांचा दंगा ऐकायची.

मग मायाची सासू, साळूबाई, न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरी एकटं, नवरा टेम्पोवर, आणि इकडे खोलीभर पोरं. एके दिवशी मायाचा मोबाईल वाजला, घरून सासूचा होता. तिने ऐकलं, ती बाहेर आली, समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथून डंपर धडधडत जायचे. तिने दार ओढलं आणि मला कोयंड्यावर चढवलं.

"लगीच येते बरं का. कुणी दंगा करायचा न्हाई," ती फटीतून म्हणाली.

ती खरंच लगेच आली. धापा टाकत आली, मला काढलं आणि सगळ्यांची डोकी मोजली. पण एकदा हाताला सवय लागली की लागली. पुढे ती रोजच जाऊ लागली. कधी सासूला पाणी द्यायला, कधी कूस वळवायला, कधी ओलं अंथरूण बदलायला. पोरं गप्प बसावीत म्हणून आपला मोबाईल त्यांच्या पुढ्यात ठेवायची. शेंगदाणे भिजवायचे राहून जायचे. "काय रं, रडलास वाटतं?" हे विचारणंही राहून गेलं. जाताना तिची बोटं माझ्यावर क्षणभर थबकायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही. आतून कुणीतरी म्हणायचं, "मावशी, मला शूला जायचंय," तेव्हा मात्र मी नुसती थरथरायची.

ऑक्टोबरचा उकाडा होता. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. मायाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. पूर्वीच्या मायाच्या आलं असतं. त्या दिवशी ती मला लावून गेली आणि मोबाईल चार्जिंग संपून बंद पडला. पोरं कागदाचा बोळा करून खेळू लागली. ज्ञानूने फेकलेला बोळा नेमका गांधीलमाश्यांच्या घरावर बसला.

आधी एक किंकाळी ऐकू आली. मग सगळ्यांच्याच.

पोरं दाराकडे धावली आणि दार आतून ओढू लागली. जितकं ओढत होती, तितकी मी कोयंड्यात ताणली जात होते. लोखंडाला रडता येत नाही. साहेबराव लांबच्या वावरात पाणी धरत होता. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात पोरांचा आवाज विरून गेला.

माया अनवाणी धावत आली. सासूला जेवण भरवून तशीच निघाली असावी, हात खरकटे होते. तिने मला उचलायला पाहिलं. मी हलेना. तिने बुक्की मारली, नख उलटलं.

"दार सोडा! आरं, वढू नका, दार सोडा!"

कुणाला ऐकू जाणार? पण राजनंदिनीने ऐकलं. चौथीतली मुलगी, पॅकिंगला जाणाऱ्या नूतनची. तिने लहानग्यांना सतरंजीखाली घातलं होतं आणि स्वतः वर पालथी पडली होती. ती उठली, दाराला लोंबकळलेल्या पोरांना एकेक करून मागे खेचलं. ताण सुटला. मी वर गेले.

पोरं अंगणात सांडली. राजनंदिनी शेवटी आली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता, मान आणि दंड लालबुंद. साहेबराव धावत आला. त्याच्या जीपमधून सगळ्यांना नसरापूरच्या दवाखान्यात नेलं. जिवावरचं कुणाचं नव्हतं, पण राजनंदिनीला रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात पालक जमले. ज्ञानूचे वडील सोमनाथ ओरडत होते, "पोरं हायेत का जनावरं? कोंडून जाता? बंद करा हे!"

"बंद करून पोरं कुठं ठिवायची, भाऊ?" एक बाई म्हणाली. "डंपरखाली?"

माया खाली बसली होती. "मलाच काढा," ती म्हणाली. "आत्याबाई घरी ओल्यात पडलेल्या असायच्या. हितं बसले तरी जीव तिकडं, आन् तिकडं गेले तरी हितं. मी कुणाला सांगितलं न्हाई. काम जाईल म्हणून भ्याले."

नूतन तिच्या पुढ्यात येऊन बसली. मग म्हणाली, "तुमची अडचण मला कळती, मायाताई. पण माझ्या पोरीचा डोळा उघडत नव्हता, ते मी विसरणार न्हाई. आणि आपलंही चुकलंच. एवढी पोरं एका बाईवर टाकली, आणि संध्याकाळी नुसती उचलून नेली. आत यिऊन कुणी बघितलं?"

त्यावर सोमनाथही खाली बसले.

शेवटी गटातल्या चंद्राबाई उठल्या. "उद्यापासनं मी येते जोडीला. मायाला घरी जायाचं आसंल तर सांगून जाईल. दोघी आल्याबिगर कट्टा उघडायचा न्हाई." रस्त्याच्या बाजूला कुंपण घालायचं ठरलं. आणि बंडू सुताराने पटाशीने मला उपटून काढलं.

साहेबरावाने मला मागच्या शेळ्यांच्या गोठ्याला बसवलं. इथून मला कट्टा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. कुंपण अजून अर्धंच झालंय. कट्ट्यावर जरा शांतता पसरली की माझा जीव खालीवर होतो. कुणी मोठ्याने हसलं की बरं वाटतं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. पोरांना कुठे सोडत असाल तर दारातूनच परत फिरू नका. आत या, थोडं बसा. सांभाळणाऱ्या बाईलाही विचारा, तुमचं घरी कसं चाललंय म्हणून.

राजनंदिनी परवा करडं बघायला आली होती. निघताना साहेबराव लांबून ओरडला, "पोरी, कडी घाल गं!" तिने मला हातात धरलं. कोयंड्यापर्यंत नेलं. आतलं करडू ओरडलं. तिने मला सोडून दिलं, दाराला पाठ लावून बसली आणि साहेबराव येईपर्यंत तशीच बसून राहिली.