दांड्यातला एक किलो

लेथवाल्याची कंबर सकाळपासून ठणकत होती, पण लेकीच्या शर्यतीपुढे कंबरेला कोण विचारतो! चारशे मीटर गाडी सरळ पळवायची आणि थांबायचं, एवढ्यासाठी पोरीने त्याच्या नाकी नऊ आणले होते. गाडी आणि चालवणारा मिळून वजन जितकं कमी, तितकी गाडी पुढे. म्हणून शर्यतीच्या रविवारआधी तिला स्टिअरिंगच्या दांड्यातून तीन किलो उतरवून हवे होते.

दोन त्याने उतरवले. कुलूप काढलं, प्लॅस्टिकचं आवरण काढलं, दांडा खालीवर करायचा खटका काढला, लोखंडी पट्टीला भोकं पाडून तिची चाळण केली. तिसऱ्या किलोपाशी घोडं अडलं. तो होता मधल्या सांध्यात. गाडी समोरून आदळली की हा सांधा आत दबतो, म्हणून दांडा चालवणाऱ्याच्या छातीत घुसत नाही.

"सगळे काढतात, बाबा. तिथे पातळ नळी घालतात."

"घालू देत. मी घालणार नाही."

तिने चक्क विषय सोडला. लेकीशी वादात आपण जिंकलो, या आनंदात लेथवाला तीन आठवडे निवांत झोपला. बापमाणसाला खूश व्हायला एवढंही पुरतं.

आज शेवटची जुळवणी होती. ती सीटवर बसली, त्याने खांद्यावरचे पट्टे आवळले, तर मागच्या जुळवणीला केलेल्या खडूच्या खुणेपेक्षा ते चार बोटं जास्त आत आले. तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. गाल बसलेले, ओठ सुकलेले. रोज रात्री ती "बाहेर खाऊन आले" म्हणायची आणि दमलेला तो नुसती मान डोलवायचा.

"किती उतरलीस?"

"तुम्ही एक किलो सोडला नाहीत ना? मग मी माझे चार सोडले."

त्याला राग आला, तिच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. पण ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने पट्टे सोडवले आणि आपला डबा आणून तिच्या मांडीवर उघडला.

"जेव."

"रविवारनंतर."

"आत्ता."

तिने घास उचलला. हात इतका थरथरत होता की घास परत डब्यात पडला. दोघंही त्या हाताकडे बघत राहिले.

"हरेन, बाबा," ती पुटपुटली.

"हर," तो म्हणाला आणि गाडीला टेकून फरशीवरच बसला. "पण घरी ये."