मागे पडणाऱ्या खुणा

हैदराबादेत काचीगुड्याच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत कॉम्प्युटरचं काम बघायला उदय पुण्याहून आला, त्याच दिवशी प्रियदर्शिनीच्या मनात पाल चुकचुकली. नवं आर्थिक धोरण आलं, परदेशी कॉम्प्युटर मिळू लागले आणि त्यांच्या मागोमाग हा गोडबोल्या. पीएचडीसाठी तिने रक्ताचं पाणी करून जमवलेल्या नोंदी आता याच्या हाती. अशी माणसं दुसऱ्याचं काम उचलून अमेरिकेला पसार होतात, असं तिने ठरवूनच टाकलं. पुरावा मात्र हाती काही नव्हता.

काम तसं सरळ होतं. माणसाच्या डोक्याला मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या ईईजी यंत्राच्या तारा लावायच्या, एका पेटीतून ठरावीक आवाज ऐकवायचे, मधूनच वेगळा आवाज आला की त्याने कीबोर्डची कळ दाबायची. आवाज नेमका केव्हा झाला, याची खूण त्या लहरींशेजारी पडायला हवी. ती हलली तर सगळी मेहनत मातीमोल. पूर्वी पेटीपासून ईईजी यंत्रापर्यंत गेलेली एक तार ही खूण पाडायची. उदयने तार काढली. आता आवाज आला की कॉम्प्युटरला कळायचं आणि उदयचा प्रोग्राम खूण पाडायचा, शिवाय आवाज कोणता तेही नोंदवायचा.

तिचा मावसभाऊ कुलदीप आबिड्सला कॉम्प्युटर शिकवायचा. त्याने एक फ्लॉपी दिली. तिच्यातला प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप लिहून ठेवायचा. उदय जेवायला गेला तेव्हा तिने तो कॉम्प्युटरमध्ये घातला. मग उदयने काय टाइप केलं ते रोज चोरून वाचायची. चोरी काही सापडेना, पण त्याच आठवड्यात लहरींच्या मानाने खुणा उशिरा पडू लागल्या. तिला नोंदींचं वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. प्रयोगशाळेचे प्रमुख एकनाथराव यांना तिने जाऊन सांगितलं, की उदय मुद्दाम माझं काम नासवतोय. त्यांनी उदयला बोलावून बजावलं, की आज दोष सापडला नाही तर उद्यापासून येऊ नका.

उदयने वाद घातला नाही. जुनी तार शोधून पुन्हा जोडली, म्हणजे तारेची खूण आणि प्रोग्रामची खूण पडद्यावर शेजारी शेजारी दिसतील. कळ दाबायला त्याने प्रियदर्शिनीलाच बसवलं. एकनाथराव मागे उभे राहिले.

तिने हात आवरला होता तोवर दोन्ही खुणा जोडीने पडत होत्या. तिने कळ दाबली आणि पुढच्या आवाजाला प्रोग्रामची खूण तारेच्या खुणेच्या मागे पडली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच.

"कळ दाबली की कॉम्प्युटर डिस्कवर काहीतरी लिहीत बसतो," उदय म्हणाला. "माझ्या प्रोग्राममध्ये तसं काही नाही, सर."

"मग भूत लिहितंय का? बहाणे नक्को," एकनाथराव म्हणाले.

उदयचा चेहरा उतरला. प्रियदर्शिनीचं बोट अजून कळीवरच होतं. ती नुसती गप्प राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत तो पुण्याच्या वाटेला लागला असता. तिला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

"सर, ते लिहिणारा प्रोग्राम मी घातलाय," ती म्हणाली. "ह्यांच्यावर नजर ठेवायला."

एकनाथराव खुर्ची ओढून बसले.

"मग काय सापडलं?" उदयने विचारलं.

"काही नाही."

एवढं म्हणतानाही, काहीतरी सापडायला हवं होतं असं तिला वाटत होतं, आणि त्याची तिला किळस आली.