एक पाऊल मागे

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि माझ्यावर एकदा मांजर बसले होते.

माझ्यात आमच्या गल्लीचे ओबोन सणाचे गाणे आहे. उन्हाळ्यात पूर्वज घरी पाहुणे म्हणून येतात, तेव्हा देवळाच्या आवारात मला लावून सगळ्यांनी गोल नाचायचे, अशी रीत. तरुणपणी माझा आवाज स्वच्छ होता. मग तोमोए आजींच्या मांजरीने मी फिरत असताना माझ्यावर बसून पाहिले. तिला ते आवडले नाही. उतरताना तिने नखे वापरली.

त्या वर्षी सुई अडखळली आणि एक ओळ दोनदा वाजली. लोकांना वाटले, तोक्योहून नवी पद्धत आली असावी. अडाणी दिसायला कोणीच तयार नव्हते, म्हणून ती ओळ पुन्हा नाचायला सगळे एक पाऊल मागे गेले. तेव्हापासून दरवर्षी जातात. नातवंडांनाही तेच शिकवतात.

यंदा आजींचे जावई सोइची निवृत्त झाले आणि त्यांनी संगणक घेतला. माझा रेकॉर्ड प्लेअर वायरीने त्याला जोडला. मी गायले, ते पडद्यावर डोंगररांगेसारखे उमटले. दोनदा आलेली ओळ त्यांनी अलगद कापली.

"आई, गाणं नव्यासारखं झालंय. ही आता टाकू या."

"कुठल्या कचऱ्यात? जळणाऱ्या की न जळणाऱ्या?"

"प्लास्टिकच आहे की."

"मग उद्या नाही. प्लास्टिक गुरुवारी नेतात."

मी गुरुवारपर्यंत जगणार होते.

बुधवारी संध्याकाळी नाच होता. मी देवळासमोर आजींच्या दारात कचऱ्याच्या पिशवीत होते. आमच्याकडे ती पिशवी पारदर्शक असते, म्हणून मला सगळे दिसले. नेहमीच्या जागी लोक मागे गेले. संगणकातले गाणे पुढे गेले. काही जण त्याच्यामागे धावले. तोफूवाले गेनजिरो मागे जाता जाता, मुलांना मासे पकडायला ठेवलेल्या सोनमाशांच्या टबात बसले आणि बसल्या बसल्या हात नाचवत राहिले.

"गाणं कोणी बिघडवलं?" आजींनी विचारले.

"दुरुस्त केलं, आई."

"तेच विचारतेय. आमचे हे वर्षातून एकदा येतात. त्यांना मागे जायचंच ठाऊक आहे. बिचारे आता कोणावर आदळले असतील?"

सोइची चपला न घालता धावत आले आणि त्यांनी पिशवी फाडली.

मी गायले. मी अडखळले. सगळी गल्ली एक पाऊल मागे गेली. आजींनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून मान हलवली.

आता संगणकातही मी ओरखड्यासकट आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, कोरड्या मऊ फडक्याने. पण त्यांचा ओरखडा काढायला हात उचलाल, तेव्हा आधी एक पाऊल मागे या. मागे सोनमासे नाहीत ना, तेवढे बघा.