चौथा ॲम्प

काकांनी पहिला ॲम्प उघडण्याआधी नुसता उचलून पाहिला. हँडलला धरून, डोळे मिटून, एखादं बाळ अंगाने किती भरलंय ते बघावं तसा.

"वजन आहे," ते म्हणाले. "ट्रान्स्फॉर्मरमध्ये काटकसर केलेली नाही. आता पोटात काय आहे ते बघू."

काका तसे कोणाचेच काका नव्हते. पाच वॉटचे, व्हॉल्व्हवाले, घरातल्या खोलीत गिटार वाजवायला म्हणून एकेक करून हाताने बांधलेले ॲम्प त्यांच्या दुकानात विकले जात, आणि या धंद्यात त्यांच्या नजरेला मोल होतं. त्यांनी मान डोलावली की बांधणाऱ्याचं नाव व्हायचं. नाही डोलावली, तर तो ॲम्प म्हणजे नुसता लाकडी खोका.

ती दारात उभी होती. कामाच्या खोलीत छकुलीने शिरू नये म्हणून दाराला गुडघाभर उंचीची फळी आडवी लावलेली होती, आणि छकुली तिच्या कडेवर बसून तिच्या कानातलं ओढत होती. नवरा टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसला होता. दोन्ही हात टेबलाखाली.

ते हात काकांना दिसू द्यायचे नव्हते. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्या थरथरीला एक लांबलचक नाव दिलं होतं आणि औषधाने फार फरक पडणार नाही असंही सांगितलं होतं. तेव्हापासून तारांना सोल्डरचे डाग देण्याचं सगळं काम ती करत होती. कॉमर्सची पदवी घेतलेली बाई, पण छकुली झोपली की सोल्डरिंगचा तापलेला दांडा हातात धरून शिकली. टेबलावरच्या ॲम्पपैकी तीन पहिल्या स्क्रूपासून तिचे होते. आतल्या चिठ्ठीवर सही मात्र त्याची. हात धड होता तेव्हा त्याने गठ्ठाभर चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या.

"काका माल घेत नाहीत, हात घेतात," तो म्हणायचा. "हात गेला हे कळलं की मी संपलो."

तिने ते मान्य केलं होतं. नाव त्याचं राहू दे, काम आपण करू. यात कोणाचं काय बिघडतं?

पण आज सकाळी टेबलावर चौथा ॲम्प आला होता.

"हा कुठला?" तिने विचारलं होतं.

"मागच्या महिन्यात तुम्ही दोघी दवाखान्यात होतात ना, चार दिवस. तेव्हा केला. एकट्याने."

"मला मीटर लावून बघू दे एकदा."

"तू मला तपासणार?" तो हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. "दांडा कसा धरायचा ते तुला कोणी शिकवलं?"

तेवढ्यात बेल वाजली होती आणि काका आले होते.

काकांनी तिन्ही ॲम्प ओळीने पालथे घातले, मागची फळी काढली, आत दिवा धरला. कोपऱ्यांच्या सांध्यांवरून नख फिरवलं. मग एकेक चालू करून लाकडी काठीने आतल्या जोडांवर हलकेच टकटक करत स्पीकरला कान लावला. कुठे खर्रर्र नाही, कुठे घुंई नाही.

"कारागीर, एक विचारू? हे करताना तू भांडून बसला होतास का कोणाशी?"

"का हो?"

"प्रत्येक तार काटकोनात. सगळे डाग एका मापाचे, चकचकीत. चूक काढायला जागा नाही, पण माणूस कुठे दिसत नाही रे. मशीनने केल्यासारखं. गिऱ्हाईक एवढे पैसे मोजतं ते हाताच्या कामाचे. हे बघून तो म्हणेल, मग फॅक्टरीचाच स्वस्तातला काय वाईट?"

तिच्या अंगठ्यावर भाजल्याचे तीन व्रण होते. तिने अंगठा मुठीत घेतला.

मग काकांनी चौथा उघडला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हां. असा ये ना वळणावर." आत तारा जशा सुचतील तशा वळल्या होत्या. डाग कुठे मोठा, कुठे चपटा. "याला म्हणतात हात." त्यांनी ॲम्पची उघडी बाजू दाराकडे वळवली. "बाई, तुम्ही बघा इकडे, नवऱ्याचं काम. आमच्या तरुणपणी असं असायचं." त्यांनी भिंतीला टेकवलेली गिटार जोडली, दोन-चार सूर छेडले, काठीने टकटक केली. ॲम्प गोड वाजत होता. "असे वीस कर. घाई नाही, वर्ष घे. वीसच्या वीस मी घेतो."

नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला. हा चेहरा आठ महिन्यांत घरात दिसला नव्हता. एवढ्यासाठी ती काहीही करायला तयार झाली असती.

मग तिची नजर आत, मेनची वायर शिरते त्या कोपऱ्यात गेली. तिच्या तिन्ही ॲम्पमध्ये तिथे हिरव्या-पिवळ्या अर्थिंगच्या तारेला कडी होती, कडीत बोल्ट, बोल्टवर दातेरी वॉशर, नट, आणि वर आणखी एक नट. त्यानेच शिकवलं होतं: बाकी काही चुकलं तरी चालेल, हे नाही. चौथ्यात बोल्टच नव्हता. तार थेट पत्र्यावर डागली होती आणि वर सोल्डरचा एक राखाडी, निस्तेज गोळा बसला होता.

तिला सगळं दिसलं. तो बारीक नट आट्यांवर चढवायला बोटं स्थिर लागतात. नसेल चढला. दहा वेळा खाली पडला असेल. मग त्याने डाग दिला. पण जाड पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. सोल्डर पत्र्याला धरत नाही, मेणासारखं वर बसून राहतं. सुराला त्या तारेशी देणंघेणं नसतं. आतली दुसरी एखादी तार सुटून पत्र्याला लागेल त्या दिवशी ही अर्थिंगची तार कामी येते. नाहीतर वीज जाते ती गिटारच्या तारांवर बोटं ठेवलेल्या माणसातून.

तरी तिने स्वतःला समजावलं. काका गेले की ॲम्प उघडू, बोल्ट लावू. कोणाला कळणार आहे?

"हा मी आत्ताच नेतो," काका ॲम्पची मागची फळी बसवत म्हणाले. "एकाला मुलीसाठी हवाय. पंधरा वर्षांची आहे, संध्याकाळी येणार आहेत न्यायला."

"काका, हा राहू द्या आज," ती म्हणाली. "उद्या पोचवतो."

"का बरं?"

"पुसायचाय जरा."

"अगं, नेऊ दे ना," नवरा म्हणाला. आवाज साधा होता, पण तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात चक्क विनवणी होती.

छकुलीने पुन्हा कानातलं ओढलं. तिने ते सोडवून घेतलं.

"प्लग काढा," ती म्हणाली. "आणि ती हिरवी-पिवळी तार जरा ओढून बघा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. प्लग काढला. मागची फळी पुन्हा काढली, चिमट्याने तार धरली आणि अगदी हलका हिसका दिला. तार गोळ्यासकट हातात आली. पत्र्यावर डागाची खूणही राहिली नव्हती.

नवऱ्याने उजवा हात टेबलाखालून काढला आणि काकांसमोर ठेवला. हात टेबलावर आपला आपण टकटक करत राहिला.

"आणि हे तीन?" काकांनी विचारलं.

त्याने हनुवटीने दाराकडे दाखवलं.

काका खाली बसले. "एवढी वर्षं लोक मला दाखवायला आणतात," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात मी कधी बघतच नाही. तिथे सूर नसतो ना." मग त्या हाताकडे बघत त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरकडे गेलो."

"डॉक्टरचं नाही विचारलं मी."

"त्याआधी चारेक महिने," तो म्हणाला. "आधी वाटलं, झोप होत नाही म्हणून."

"त्या चार महिन्यांत किती बाहेर गेले?"

"अकरा."

"अर्थिंगचे नट लावलेस सगळ्यांना?"

ती दारातली फळी ओलांडून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. हे तिलाही माहीत नव्हतं. आठ महिने ती त्याच्या डोळ्यांत बघत होती, औषधं मोजत होती, आणि हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"सुरुवातीच्यांना लावले," तो म्हणाला. "नंतर एकदा नाही बसला. मग... कोणत्या कोणत्याला ते आठवत नाही."

काका उठले. चारही ॲम्प तिथेच ठेवले. "त्या अकरांतले माझ्याकडून गेलेले चार," ते म्हणाले. "ते मी बघतो. बाकीच्यांना तुम्ही फोन करा. वीसचं वगैरे काही नाही आता." आणि ते दारातली फळी ओलांडून गेले.

तिने छकुलीला पाळण्यात ठेवलं आणि फोन घेतला. नंबर तो सांगत होता, वहीत न बघता. गिऱ्हाईक तो कधी विसरत नसे. पहिल्याने फोन उचलला नाही. दुसऱ्याने ॲम्प कुणाला तरी विकून टाकला होता, कुणाला ते त्याला शोधून सांगावं लागणार होतं. तिसरा गिटारचा शिक्षक होता, बोलका.

"काही तक्रार नाही हो," तो म्हणाला. "झकास वाजतो. आता शिकवणीची मुलं आलीत, त्यावरच चाललंय. नवऱ्याला सांगा तुमच्या, हातच्या कामाची गोष्टच वेगळी. तारांना बोट लावलं की बारीक झिणझिण्या येतात बघा. मी मुलांना सांगतो, फॅक्टरीच्या ॲम्पला हे जमायचं नाही, हा जिवंत आहे."

"कोणाच्या हातात आहे आत्ता गिटार?" तिने विचारलं.

"एक मुलगा आहे. का?"

"त्याला हात लावू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. मी फोन धरून आहे, तुम्ही जा."

पलीकडे पावलं ऐकू आली, आणि गिटार वाजतच होती.