पहिले दोन इंच

“मोबाईल नंतर उघड. आधी चिठ्ठी,” बाबा म्हणाले.

त्यांनी जुन्या कॅलेंडरचा कोपरा फाडला, त्यावर ‘६०००’ लिहिलं, खाली सही ठोकली आणि चिठ्ठी माझ्या चहाच्या कपाखाली सरकवली.

बाबा म्हणजे माझे सासरे, नीलकंठराव. बत्तीस वर्षं सरकारी भांडारात त्यांनी निकामी सामानाचे लिलाव पुकारले. मोडक्या खुर्च्या, जळके पंखे. शहाणीसुरती माणसं ईर्ष्येला पेटून दोनशेचा पंखा आठशेला नेताना त्यांनी रोज पाहिली. म्हणून घरात नियम: डोकं थंड असताना आकडा लिहायचा आणि त्याच्यापुढे जायचं नाही. सोफा घ्यायचा असो, नाहीतर कोहळा.

“मले पाहाले आले तवाही खिशात चिठ्ठी होती का हो?” सासूबाई विचारायच्या.

“हव. तुमच्या घरच्या पोह्याच्या बशीखाली राहून गेली.”

बाबा स्वतः हसायचे नाहीत. सासूबाईच दोघांचं हसून घ्यायच्या.

मोबाईलवरच्या जुन्या सामानाच्या लिलावात सासूबाईंचीच शिलाई मशीन होती. पायाची. ‘जुनी, सजावटीसाठी उत्तम’ असं खाली लिहिलेलं. फळीच्या कडेला चिकटवलेली मापाची पिवळी टेप फोटोत स्पष्ट दिसत होती, आणि तिच्यावरचा पहिला आकडा तीन होता. पहिले दोन इंच कधीच निघाले होते. सासूबाई कापड धरायच्या, आकडा वाचायच्या आणि मनात दोन वजा करायच्या. आमच्या अर्ध्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याचे ब्लाउज त्या वजाबाकीवर बसले.

सासूबाई कार्तिकात वारल्या. तिसऱ्या महिन्यात बाबांनी स्वतः गोलबाजारातल्या धर्मपाल कबाडीला बोलावलं आणि मशीन नऊशेला दिली.

“पापा, रहने दो ना,” निरंजन म्हणाला. माझा नवरा बापाची मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो.

“पडून राहिलेल्या सामानाची किंमत दरवर्षी उतरते,” बाबा म्हणाले. ते भांडारातलंच वाक्य होतं. डोळे मात्र भिंतीकडे.

कोपरा रिकामा झाला, पण बाबा तिथून सरळ जाईनात. फळी गुडघ्याला लागेल म्हणून जसा वळसा घालायचे, तसाच घालत राहिले. आठ दिवसांनी कोणाला न सांगता धर्मपालकडे जाऊन आले. “चाचा, वो तो उसी दिन निकल गई,” एवढंच हाती लागलं. आणि या सोमवारी ती मला मोबाईलवर सापडली. गुरुवारी दुपारी चारला बोली बंद होणार होती.

“आत्ताच लावू?” तीन वाजता मी विचारलं.

“काहून? पहिलेच हात दाखोला का समोरचा चढते. शेवटची पाच मिनिटं.”

चारला पाच कमी असताना आकडा अडतीसशे होता. आम्ही चार हजार लावले. कोणीतरी बेचाळीसशे. असं करत करत आमचे सहा हजार झाले. पडद्यावर लगेच सहा हजार दोनशे उमटले.

“बाबा, वरचे मी टाकते. माझ्या शिकवणीचे आहेत.”

“नाही.”

“दोन-चारशेचा तर सवाल आहे!”

“सगळे हेच म्हनत. दोनशेचा पंखा आठशेले असाच जाते, पोरी.”

दीड मिनिट उरलं. बाबांनी माझा कप उचलला. चिठ्ठीवर चहाचं गोल वळं उमटलं होतं. ती त्यांनी दूर धरून वाचली, जणू सही दुसऱ्याच कोणाची होती.

“गंधाली,” म्हणाले आणि थांबले.

मी वाट पाहिली. घड्याळ कुठे पाहतं?

“लाव. किती बी लाव.”

मी सात हजार टाकले, बटण दाबलं. चकरी फिरली, फिरत राहिली, आणि मग ‘बोली बंद’ अशी अक्षरं आली.

“कितीत गेली?”

“सहा हजार दोनशे.”

“सस्त्यात गेली,” बाबा म्हणाले. बत्तीस वर्षांत कुठल्याही मालाबद्दल ते असं बोलले नसतील.

मग उठून आतून त्यांची डायरी घेऊन आले. पानांतून एक पिवळा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर एक आणि दोन. “गोंद आना, चिटकवून टाकते,” असं सासूबाई अकरा वर्षं म्हणत होत्या आणि बाबा “उद्या” म्हणत होते. मला वाटायचं, तो तुकडा केव्हाच केरात गेला.

“हे त्याले पाठवता येईन का? माप चुकन त्याचं.”

सजावटीच्या मशीनवर कोणी माप घेत नाही, हे मी बोलले नाही.

“घेणाऱ्याचं नाव दाखवत नाहीत, बाबा.”

“बरं.”

तुकडा त्यांनी परत डायरीत घातला, चिठ्ठीही त्याच पानात ठेवली आणि डायरी ठेवायला आत निघाले. रिकाम्या कोपऱ्याशी आले, आणि गुडघा जपत वळसा घालून गेले.